स्लिपर घालून अंघोळ

माझा धंदा चांगला चालतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की धंदा बसला म्हणून हा माणूस चिडलाय. हिंजवडीजवळच्या माण गावात रस्त्यालगत माझं ऑफिस आहे, दारात टेम्पो उभे असतात, माझ्याकडे काम शिकलेल्या कित्येकांनी स्वतःची घरं बांधली. मारुंजीच्या सोसायट्यांपासून धरणाच्या पाण्याकाठच्या बंगल्यांपर्यंत मुळशीतल्या पुष्कळ भिंतींत माझ्या वायरी आहेत. लोक शेठ म्हणतात. सुरुवातीला ते ऐकून बरं वाटायचं, आता सवय झाली. सवय न झालेलं वाक्य एकच आहे, आणि पावसाळा लागला की ते फोनवर पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं: "शेठ, ते बटण सारखं पडतंय. काढून टाका ना."

ते बटण म्हणजे ईएलसीबी. घरात जेवढी वीज येते तेवढी परत गेली पाहिजे. तिच्यातली थोडीशी जरी वाट सोडून गिझरच्या पत्र्यात, ओल्या भिंतीत किंवा माणसाच्या अंगात शिरली, तर ते बटण स्वतःहून पडतं आणि वीज तोडतं. पडणं हेच त्याचं काम. ते पडलं म्हणजे घरात कुठेतरी काहीतरी बिघडलंय आणि ते शोधायचंय, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्यांना मी हे समजावतो त्यांतले बहुतेक जण मान डोलावतात आणि शेवटी विचारतात, "पण काढता येतं ना?" बाथरूमच्या टाइल्स निवडायला सहकुटुंब पुण्याला जाणारी ही माणसं. टाइल्सचा रंग चुकला तर त्यांना झोप लागत नाही. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर म्हणतात, अंगात वात झाला असेल.

ज्या बिल्डिंगबद्दल लिहायचंय ती माणमधलीच. मालक आमच्या भावकीतले, माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही. त्यांची भातखाचरं आयटी पार्कात गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी मजल्यावर मजला चढवला. प्रत्येक मजल्यावर ओळीने खोल्या, खोलीतच ओटा आणि बाथरूम. भाडेकरू सगळे बाहेरगावचे. लातूर, बीड, अकोला, जळगाव. कुणी कंपनीत कॉम्प्युटरवर, कुणी ऑफिसात, कुणी कंपनीच्या बसवर. आण्णा गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात. पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी, कोण कधी आलं, कोण कुणासोबत आलं, हा सगळा कारभार त्या खुर्चीतून चालतो.

आण्णांचं माझ्यावर ऋण आहे. मी सायकलला शिडी बांधून फिरत होतो तेव्हा त्यांनी गावात शब्द टाकला म्हणून मला पहिली पूर्ण घरं मिळाली. आमच्याकडे घर पुरं झालं की वास्तुशांतीला मालक गवंड्याला, सुताराला आणि वायरमनला पाटावर बसवतो, टॉवेल-टोपी करतो, हातात नारळ देतो. सगळ्या पाहुण्यांदेखत. त्या टोपीबरोबर न बोललेला एक करार होतो. या घरात पुढं काही बिघडलं तर वायरमननं हातातलं काम टाकून यायचं, आणि मालकानं दुसऱ्याला बोलवायचं नाही. आण्णांच्या बिल्डिंगची टोपी मी घातली. काम मन लावून केलं होतं. मागच्या अंगणात अर्थिंगचे खड्डे खणून त्यात पाइप उतरवले होते, म्हणजे कुठं करंट उतरलाच तर तो गुपचूप जमिनीत जावा. प्रत्येक मजल्याच्या बोर्डात ईएलसीबी बसवला होता. त्या दिवशी टोपी घालून मी फोटोही काढून घेतला.

गेल्या पावसाळ्यात आण्णांनी बोलावलं. भाडेकरू इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला लागले होते, पार्किंगमध्ये चार्जिंगचे पॉइंट हवे होते. लोड किती आहे ते बघायला मी मजल्यांवर गेलो. दुसऱ्या मजल्यावर बोर्ड कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराशी आहे. दार उघडं होतं. आत एक बाई डबा भरत होत्या, ओट्याजवळ खाली त्यांच्या सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या, आणि बाथरूमच्या दाराला खिळा ठोकून त्यावर निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपर टांगलेल्या होत्या. शेजारच्या खोलीतही तेच दिसलं. मला वाटलं, काहीतरी गावाकडची पद्धत असेल. सहज विचारलं.

"पाण्यात करंट यायलाय ना काका," त्या म्हणाल्या. "स्लिपर घालून अंघोळ करायची. खोली घेतानाच सांगितलं होतं की."

"कुणी?"

"आण्णांनीच. पाणी सकाळी येतं, गाडी भिंतीकडं लावायची, कचरा रोज खाली न्यायचा, अन् अंघोळीला स्लिपर. इथं सगळीकडं असंच असतंय ना?"

त्या हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. डब्याचं झाकण लावता लावता, नव्या माणसाला माहिती द्यावी तसं सांगत होत्या. मी काही बोलायच्या आत सासूबाई खालून म्हणाल्या, "मी नसते घालत. अंगावर पाणी घेऊन देवापुढं बसायचं, अन् अंघोळीला पायात चप्पल? कुणी बघितलंय का असलं?"

"आई ऐकत नाहीत," सूनबाई म्हणाल्या. "मी रोज सांगते."

"सांगती की. पाणी घेतलं की हाताला मुंग्या येतात, हात झटकायचा, झालं. माझे हातच आता जुने झालेत, त्याला चप्पल काय करणार?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मीटर लावला, तर काटा साठ व्होल्टच्या वर; मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला. ती म्हातारी त्या नळाखाली रोज ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहत होती. मी त्यांना म्हटलं, आता पाण्याला हात लावू नका. बाहेर येऊन बोर्ड उघडला. माझा ईएलसीबी जागेवर होता, खटका वर केलेला, नवाच्या नवा. फक्त त्याच्यात वायरच नव्हती. येणारी आणि जाणारी वायर त्याच्या मागून थेट एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. दर्शनी बाजूला पहारेकरी उभा, आणि मागचं दार सताड उघडं. बाकीच्या मजल्यांवरही तेच. मग मागच्या अंगणात गेलो. अंगण राहिलंच नव्हतं. तिथं दोन नव्या खोल्या उभ्या होत्या, त्यांचा पाया खणताना जेसीबीनं अर्थिंगचे पाइप उपटले होते. जमिनीत जाणारी पट्टी भिंतीपाशी तुटून गंजत लोंबत होती.

म्हणजे असं झालं होतं. प्रत्येक खोलीच्या गिझरला हिरवी वायर असते, त्या सगळ्या एकत्र होऊन जमिनीत जायला पाहिजेत. इथं त्या एकत्र झाल्या होत्या, पण जमिनीत जात नव्हत्या. वरच्या कुणाच्या तरी गिझरमध्ये करंट उतरला होता आणि त्याला जायला जागा नसल्यानं तो हिरव्या वायरीतून सगळ्या बिल्डिंगच्या गिझरांत आणि तिथून पाण्यात फिरत होता. जिच्या भरवशावर माणूस निर्धास्त असतो, त्याच वायरीनं करंट घरोघर वाटला होता. आणि त्यावर या घराला सापडलेला उपाय होता रबरी स्लिपर.

मी मीटरच्या खोलीत गेलो, मेन स्विच पाडला आणि त्यातले फ्यूज काढून खिशात घातले. सकाळची वेळ होती. पंखे थांबल्याबरोबर बिल्डिंगमधून आवाज यायला लागले.

आण्णा खुर्चीतून उठले नाहीत. "लाइट गेली का रं?" त्यांनी विचारलं.

"मी बंद केलीय आण्णा." मी सगळं सांगितलं. नळ, बोर्ड, तुटलेली पट्टी. ते ऐकत होते, पण त्यांची नजर गेटबाहेरच्या टँकरवर होती.

"लोकं कवापास्नं ऱ्हात्यात हितं. कोण मेलं का?"

"मरायची वाट बघायची का मग?"

"मला नको शिकवू. तुझं ते बटण पडायचं. सकाळच्या पारी, लोकं कामाला निघायच्या टायमाला. तुला फोन केला, तर तू धरणाकडं साहेबलोकांच्या बंगल्यावर. माणूस पाठवतो म्हणलास. आला का माणूस?"

आला नव्हता. मला ते आठवलंही. त्या बंगल्याच्या बागेतले दिवे लावण्यात मी गुंतलो होतो आणि आण्णांचं काम घरचंच आहे, करू सावकाश, असं म्हणून मी ते मागं टाकलं होतं. टोपी घातलेल्या माणसानं हातातलं काम टाकून जायचं असतं.

"न्हाई आला," आण्णांनीच उत्तर दिलं. "मग मी दुसरा बोलावला. त्यानं उभ्या उभ्या काम केलं. तवाधरनं एकदा पडलं न्हाई." हे ते अभिमानानं सांगत होते.

"आणि अर्थिंगवर खोल्या बांधल्या ते?"

"जिमीन माझी हाय. खड्डा तुझा असंल, तर घिऊन जा."

तोवर भाडेकरू जिन्यावर जमले होते. एक मुलगा कानात हेडफोन लावून खाली आला. "काका, माझा क्लायंट कॉल आहे, किती वेळ लागेल?" मी म्हटलं, पाण्यात करंट आहे, तो काढल्याशिवाय लाइट लावता येणार नाही. तो म्हणाला, "ते तर नेहमीचंच आहे ना. ते संध्याकाळी करा ना." दुसरा मागून म्हणाला, "अरे, आज बिल्डिंगची पॉवर शेठच्या खिशात आहे." सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, एरवी. शिकलेली पोरं ही. यांच्यातल्या एकाच्याही मोबाइलच्या स्क्रीनला चरा पडला असता तर त्यानं कंपनीला दहा मेल लिहिले असते. ज्या पाण्यानं तोंड धुतो त्यात वीज आहे, आणि ते म्हणे नेहमीचंच.

"बघ," आण्णा म्हणाले. "ज्यांच्यासाठी रडतुयास तेच हसत्यात. टोपी घालून घेतली तवा लई गोड वाटलं. आता माझ्याच घरात अंधार करतुयास व्हय?"

"आण्णा, हा अंधार नाही—"

"एका भाडेकरूची तक्रार न्हाई. एकाची. तुलाच एवढा पुळका कुटनं आला? कुणी सांगितलं तुला करंट येतुया म्हणून?"

इथं मी थांबायला पाहिजे होतं. माझ्या हातात टेस्टर होता, मीटर होता, तुटलेली पट्टी डोळ्यांसमोर लोंबत होती. साक्षीदाराची काहीच गरज नव्हती. पण लोकांपुढं आपण खोटे पडतोय, हे मला सहन होईना. मी म्हणालो, "दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाईंनी. त्यांच्या सासूबाई रोज अनवाणी अंघोळ करतात. विचारा त्यांना, हाताला मुंग्या येतात का ते."

आण्णांनी एकदा वर जिन्याकडं पाहिलं. "आसं व्हय," एवढंच म्हणाले. मला वाटलं, पटलं त्यांना. वरच्या कठड्याशी त्या बाई उभ्या होत्या हे मला नंतर दिसलं. डब्याची पिशवी खांद्याला, निघायच्या तयारीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी ऑफिसात येऊन माणसं आणि सामान गोळा करून परत गेलो, तर बिल्डिंगमध्ये पंखे फिरत होते. तोच दुसरा वायरमन येऊन गेला होता. फ्यूजच्या जागी त्यानं जाड वायर पिळून बसवली होती. माझे फ्यूज माझ्या खिशातच होते. मला त्या वायरमनचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण त्याच्यापेक्षा जास्त राग आला तो या गोष्टीचा की हे सगळं किती सोपं आहे. चांगलं काम करायला महिना लागतो, ते मोडायला एक टेप पुरते, आणि मोडणाऱ्याला सगळे कामाचा माणूस म्हणतात.

आण्णांनी मला गेटच्या आत येऊ दिलं नाही. मग मी संध्याकाळी, पोरं कामावरून परत यायच्या वेळी, गेटबाहेर उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. भाषण नाही केलं. म्हटलं, स्लिपर ओली झाली, झिजली, एखाद्या दिवशी विसरली, की त्या दिवशी काय होतं ते मी बघितलेलं आहे. ते खरं होतं. असं एक घर मी बघितलेलं आहे, त्याबद्दल इथं लिहीत नाही. बरेच जण "हो काका" म्हणून आत गेले. हेडफोनवाला मुलगा मात्र थांबला. त्यानं मी काढलेला मीटरचा फोटो मागितला. सकाळचं स्वतःचं बोलणं त्याला बहुधा लागलं असावं, कारण तो म्हणाला, "सॉरी काका, आम्हाला वाटलं इथलं पाणीच तसं आहे."

इथलं पाणीच तसं आहे. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या माझ्या आजोळच्या माणसांनी झऱ्याबद्दल असं काही म्हटलं असतं तर हीच पोरं त्यांना अडाणी म्हणाली असती.

त्या मुलानं तो फोटो बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मग बाकीच्यांनी आपापले नळ तपासून घेतले. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी मिळून आण्णांना सांगितलं की दुरुस्ती झाली नाही तर आम्ही सगळे एकदम खोल्या सोडतो. ‘एकदम’ हा शब्द आण्णांना कळला. म्हातारीच्या हाताला येणाऱ्या मुंग्या त्यांना कळल्या नव्हत्या, माझा मीटर कळला नव्हता; रिकाम्या खोल्या लगेच कळल्या. आजही ते आठवलं की माझ्या तोंडाची चव जाते. कुणी मरेल ही भीती जिथं पोचत नाही, तिथं भाडं बुडेल ही भीती उभ्या उभ्या पोचते.

त्यांनी मला बोलावलं नाही. हिंजवडीच्या एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. तो माझा जुना ओळखीचा, त्यानं मला फोन केला. "शेठ, तुमचं टोपीचं घर आहे. जाऊ का?"

"जा," मी म्हटलं. "आणि नीट कर. पुढच्या बाजूला खड्डे घे, तिथं ते खोल्या बांधू शकणार नाहीत. बोर्ड सगळे उघडून बघ."

त्यानं नीट केलं. ज्याच्यामुळं हे सगळं होत होतं तो गिझर वरच्या मजल्यावर सापडला. नवे खड्डे झाले, ईएलसीबीत वायरी परत गेल्या. माझ्या हातून झालं नाही याचं मला काही वाटलं नाही, खरंच नाही. आठवडाभर मी बऱ्यापैकी खुशीत होतो.

मग त्या बाई ऑफिसात आल्या. मी ओळखलं, उठून उभा राहिलो, खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"आण्णांनी खोली खाली करायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसांना पाहिजे म्हणे."

मी म्हटलं, "मी बोलतो आण्णांशी."

"काय बोलणार? तुम्ही बोलला होतात की." आवाज चढला नव्हता. "काका, तुम्ही विचारलं म्हणून मी सांगितलं. आण्णांना सांगा असं मी म्हटलं नव्हतं. तिथं इतके लोक राहतात, सगळ्यांना माहीत होतं. मलाच का पुढं केलंत?"

मी म्हटलं, सासूबाईंची काळजी वाटली. हे खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं, आणि आम्हा दोघांनाही ते कळलं. सासूबाईंची काळजी मी न बोलताही करू शकलो असतो. मला त्या क्षणी जिंकायचं होतं, आणि हाताशी जी माणसं होती ती मी वापरली. आण्णांनी जसं जमिनीत काय आहे हे न बघता पाया खणला, तसंच काहीतरी मी केलं होतं.

"ह्यांची बस आण्णांच्या गेटसमोरूनच सुटते," त्या म्हणाल्या. "माझं ऑफिस चालत जाण्याएवढं जवळ होतं. आईंना आत्ता कुठं तिथं करमायला लागलं होतं. खालच्या मजल्यावरच्या एक आजी अन् त्या रोज संध्याकाळी देवळात जायच्या. आता परत नवीन जागा, परत डिपॉझिट, परत सगळ्यांना सांगायचं आम्ही कोण, कुठले."

मी आण्णांकडे गेलो. गेटमध्ये उभा राहूनच बोललो. म्हटलं, राग माझ्यावर काढा, पाहिजे तर गावात सांगा की याला काम देऊ नका, पण त्यांना राहू द्या.

"राग कसला?" आण्णा म्हणाले. "तुझं म्हननं होतं अर्थिंग कर. केलं. आता खोलीत कुणी ऱ्हायाचं ते बी तूच ठरवणार का? का ती बाईच आता मालकीन माझ्या बिल्डिंगची?" शेजारी बसलेले दोघे हसले. मी मान खाली घालून निघालो. घरच्या माणसांना खोली पाहिजे होती हे खोटं होतं, हे मला माहीत होतं, आण्णांना माहीत होतं, हसणाऱ्या त्या दोघांनाही माहीत होतं.

मग मी त्या बाईंसाठी खोली शोधायला लागलो. माणपासून मारुंजीपर्यंतचे निम्मे खोलीमालक माझे गिऱ्हाईक. मला वाटलं, हे तरी सोपं जाईल. शब्द टाकला की खोल्या दाखवत होते, चहा पाजत होते. मी प्रत्येक ठिकाणी आधी बाथरूममध्ये जायचो, नळाला टेस्टर लावायचो, मग बोर्ड उघडायचो. एका ठिकाणी ईएलसीबीच नव्हता. एका ठिकाणी अर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला बांधली होती आणि तो पाइप मधेच कधीतरी प्लास्टिकचा केला होता. एका मालकानं तर मला बघूनच सांगितलं, "शेठ, आपल्यात स्लिपरचं काम न्हाई. लाकडी पाट दिलाय प्रत्येक बाथरूमला. सागाचा हाय." तो चेष्टा करत नव्हता. पाट चांगला जाड होता.

मला त्या दिवसांत या सगळ्या परिसराचा संताप यायचा. पाच-पाच मजली इमारती, पुढं ग्रॅनाइट, गेटवर मालकाच्या आजोबांचं नाव सोनेरी अक्षरांत, आणि आत नळाशी उभा माणूस रबराच्या नाहीतर लाकडाच्या भरवशावर. आणि हे कुणा परक्या बिल्डरनं केलेलं नाही. आमच्याच भावकीनं केलंय, आम्हीच टोप्या घालून घेतल्यात. त्यातल्या काही बोर्डांवर माझ्या ऑफिसचं स्टिकर होतं. आत कुणीतरी नंतर केलेली कारागिरी, बाहेर माझं नाव. मी ती स्टिकरं नखानं खरवडून काढत होतो, मग लाज वाटली आणि थांबलो. स्टिकर काढून काय होणार होतं. त्या सगळ्या मालकांना मी तिथंच सांगितलं की हे आधी नीट करून घ्या, मी माणसं पाठवतो. काहींनी करून घेतलं. काहींनी माझा फोन घेणं बंद केलं.

शेवटी मारुंजीच्या पलीकडे एक खोली सापडली. वीज ठीक होती, मालकीणबाई बऱ्या होत्या. पण बस तिथून दूर, सूनबाईंना रोज रिक्षा बदलून जावं लागणार, आणि देऊळ चढावर. मी माझा टेम्पो पाठवला, स्वतःही गेलो. सासूबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर देवांचा डबा घट्ट धरून. त्यांनी मला विचारलं, "इथं पायात काही घालावं लागत नाही ना?"

"नाही लागत."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांना त्यांच्या सुनेनं काय सांगितलं होतं, मला माहीत नाही.

सामान उतरवून झाल्यावर सूनबाई दारापर्यंत आल्या. त्यांनी चहा विचारला, मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "काका, परत कधी कुणी तुम्हाला काही सांगितलं, तर ते दुसऱ्याला सांगायच्या आधी त्या माणसाला विचारा." मी हो म्हणालो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. ती मागितली, पण इतकं पुटपुटत की त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे.

भावकी सोडता येत नाही. या वर्षी माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला, तेव्हा आमंत्रण द्यायला आण्णांच्या गेटवर गेलोच. त्यांनी खुर्ची मागवली, पाणी दिलं, होणाऱ्या जावयाची चौकशी केली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या त्या खोलीत राहायला आलेलं अकोल्याकडचं जोडपं सामान घेऊन आलं. आण्णा त्यांना नियम सांगत होते. पाणी सकाळी येतं, गाडी भिंतीकडं लावायची. मग म्हणाले, "आन बाकीच्या बिल्डिंगीसारखं हितं पाण्यात करंट-बिरंट काही न्हाई बरं का. आपण अर्थिंग करून घेतलंय. नीट, कायदेशीर." आणि माझ्याकडं बघून हसले, आपल्या माणसाकडं बघून हसतात तसं.

त्या जोडप्यातल्या मुलीनं कौतुकानं मान हलवली. माझ्या तोंडाशी आलं होतं की हे अर्थिंग कुणामुळं झालं, तेही सांगा. या खोलीत कोण राहत होतं, आणि आता त्या बाई रोज दोन रिक्षा बदलून कुठून येतात, ते सांगा. पण हे सांगू का, असं मी त्या बाईंना विचारलं नव्हतं. मी हातातली पत्रिका आण्णांच्या हातात दिली, साखरपुड्याला या म्हणालो, आणि रागानं कान तापलेले असतानाच तिथून उठलो.